हेमाताईंची आजऱ्याची खोली

लक्ष्मीबाई नगरात आमच्या वरच्या मजल्यावर हेमाताई राहायच्या. हेमलता श्यामकांत देसाई, एका मंत्रालयात असिस्टंट, मूळच्या आजऱ्याच्या. यातलं शेवटचं त्या आधी सांगायच्या. चौतीस वर्षं दिल्लीत काढूनही बाईंचं 'आमच्याकडे' म्हणजे आजराच. आमच्याकडे असा उकाडा नसतो, आमच्याकडे भात शिजला की चार घरं वास जातो. एकदा वैतागून मी म्हटलं, "मग इकडे आलात कशाला?" तर शांतपणे म्हणाल्या, "परीक्षा पास झाले, तीच चूक झाली."

निवृत्त झाल्यावर दुसऱ्या दिवशी गाडीत बसायचं, हे ठरलेलं होतं. नवरा श्यामकांत, आमचे भाऊजी, आधीच निवृत्त होऊन रोज त्या ऑफिसातून यायची वाट बघत बसलेले. त्यांची ना नव्हती. आजऱ्याला धाकटा भाऊ भालचंद्र याने घराला लागून एक खोली बांधली होती. तिला सगळे 'ताईची खोली' म्हणत. खिडकीचं माप फोनवर विचारून हेमाताईंनी सरोजिनी नगरातून पडद्याचं कापडही आणून ठेवलं होतं. मी थट्टा करायचे. पण खरं सांगायचं तर मला हेवा वाटायचा, कारण मला परत जायला असं ठिकाण उरलं नव्हतं.

दहा वर्षांपासून त्यांना संधिवात होता. म्हातारपणी गुडघे धरतात तो नव्हे. आपलंच शरीर आपल्यावर उलटतं तो. सकाळी बोटं वळायला तासभर लागायचा. दर सोमवारी ठरलेल्या गोळ्या घ्यायच्या आणि मंगळवारी तोंडाला चव नाही म्हणून आमच्याकडून लिंबाचं लोणचं न्यायच्या. तक्रार नाही.

मग एका थंडीत कोरडा खोकला लागला. दिल्लीच्या थंडीत खोकल्याला कोण विचारतो? सगळी कॉलनीच खोकत होती. पण होळी झाली, पंखे सुरू झाले, कॉलनीचा खोकला थांबला आणि हेमाताईंचा थांबला नाही. "या हवेने मला खाल्लं," त्या म्हणायच्या. आम्ही सगळे माना डोलवायचो.

आता यातली गंमत सांगते. तिला गंमत म्हणायचं तर. मोठ्या हॉस्पिटलात दाखवायला दवाखान्यातून ज्या त्या विभागाची वेगळी चिठ्ठी घ्यावी लागे. हेमाताईंनी जन्मभर फाइली हलवलेल्या. एका सेक्शनचा कागद दुसऱ्या सेक्शनच्या टेबलावर ठेवणं त्यांच्या लेखी बेशिस्त. म्हणून सांध्यांची निळी फाइल, खोकल्याची पिवळी. सांध्यांच्या डॉक्टरांनी "और कोई तकलीफ?" विचारलं की या "नहीं जी" म्हणायच्या. खोकला त्यांचा विषयच नव्हता ना. असं दीड वर्ष चाललं. मला याचा अजून राग येतो, आणि तो स्वतःवरही येतो, कारण हवेचं तुणतुणं मीही वाजवत होते.

पुढच्या वर्षी मे महिन्यात त्या आजऱ्याला गेल्या. गोवा एक्स्प्रेसने बेळगाव, तिथून भालचंद्राची गाडी. निघताना म्हणाल्या, "बघ, पंधरा दिवसांत खोकला पळतो की नाही."

महिन्याने परतल्या त्या उतरलेलं तोंड घेऊन. चहा पिऊन झाला. मग म्हणाल्या, "अलका, खोकला तिकडेही आला गं. नदीवरून घरापर्यंत तो एवढासा चढ. लहानपणी भरली घागर घेऊन चढायचे. यंदा तीन वेळा बसले. हवा अशी की पिऊन टाकावी, आणि आतच जात नव्हती." कप बाजूला सारत म्हणाल्या, "आता दिल्लीला दोष द्यायचीही सोय राहिली नाही."

त्या दिवशी मी त्यांच्या दोन्ही फाइली काखेत मारल्या आणि पुढच्या तारखेला त्यांच्याबरोबर सांध्यांच्या डॉक्टरांसमोर जाऊन बसले. त्या मला टेबलाखालून चिमटे काढत होत्या. डॉक्टर तरुण, पण कान शाबूत असलेला. त्याने पाठीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिला. खाली, दोन्ही बाजूंना, बुटाचा वेल्क्रोचा पट्टा टर्रकन उघडावा तसा आवाज येतोय म्हणाला. स्कॅन झाला. सांध्यांवर उलटलेला रोगच फुफ्फुसांत शिरला होता. तिथली मऊ जाळी हळूहळू कडक होत होती. सहा महिन्यांनी पुन्हा तपासू, सोमवारच्या गोळ्या सोडू नका, असं त्याने बजावलं.

आणि बाईंनी त्याच सोडल्या. गोळ्यांच्या पाकिटातला बारीक अक्षराचा कागद भिंग लावून वाचला होता. त्यात फुफ्फुसांचं नाव निघालं. दोन महिन्यांत बोटं सुजून लाकूड झाली. भाऊजी त्यांची वेणी घालताना मी पाहिलं तेव्हा मला कळलं. मी नको नको ते बोलले. त्या एवढंच म्हणाल्या, "भीती वाटते गं. एक सांभाळायला जावं तर दुसरं हातचं जातं."

डॉक्टर रागावला नाही. म्हणाला, "पहले हम भी इसी गोली पर शक करते थे. अब लगता है, ज्यादातर नुकसान बीमारी खुद करती है." गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पण डिसेंबरच्या तपासणीत श्वास आणखी उतरलेला निघाला. आता सलाइनमधून द्यायचं दुसरं औषध आलं. पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा, नंतर दर सहा महिन्यांनी. ते शरीराचं बंड मोडतं. पण बंड मोडताना पहारेकऱ्यांनाही झोपवतं, म्हणजे न्यूमोनिया घरात शिरू शकतो, दबलेला जुना टीबी पुन्हा उठू शकतो.

हेमाताईंनी विचारलं, "नहीं लिया तो?"

"कुछ लोग दस साल वैसे ही रहते हैं. आपका छह महीने में बढ़ गया है, मॅडम. जो गया, वह वापस नहीं आएगा. जो बचा है, उसे रोकने की कोशिश है. गारंटी नहीं दूंगा."

"और लेकर गांव में रह सकती हूं?"

"सबसे पास बड़ा अस्पताल?"

"दो घंटे. बरसात में ज्यादा."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. पहिलं वर्षभर तरी नाही म्हणाला. ताप आला तर त्याच दिवशी पोहोचायला हवं, आणि दर तीन महिन्यांनी श्वासाची तपासणी. मी हेमाताईंकडे बघितलं नाही. मला बघवलंच नसतं.

आठ दिवस त्या आमच्याकडे फिरकल्या नाहीत. नवव्या दिवशी लोणचं मागायला आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "घेते औषध. नदीचा चढ चढायचा तर श्वास पाहिजे. श्वास नसला तर तिकडे जाऊन तरी काय, खिडकीतून बघत बसायचं?" मग एकदम डोळ्यांना पदर लावला. "पण मला जायचं होतं गं. फार जायचं होतं."

टीबीची तपासणी झाली, लशी झाल्या, पहिलं सलाइन झालं. मार्चअखेर निवृत्ती, मग क्वार्टर सोडून गुरुग्रामला मुलाच्या, अविनाशच्या, चौदाव्या मजल्यावरच्या घरी. अविनाशने हवा गाळायचं यंत्र आणलं होतं. त्यांचं सामान बांधायला मी वर गेले होते, तेवढ्यात भालचंद्राचा फोन आला. बोटांनी फोन धरवत नव्हता म्हणून त्यांनी स्पीकरवर टाकला.

"ताई, राग मानू नको. इथल्या शाळेत एक नवीन मास्तर आलाय. बायको, लहान मूल आहे. तुझी खोली भाड्याने मागतोय. तू म्हणशील तसं. बंद ठेवली की भिंतींना ओल येते."

हेमाताई खोक्यावर बसल्या. खोकल्याची उबळ आली, ती जाऊ दिली. मला वाटलं, नाही म्हणतील.

"दे," त्या म्हणाल्या. "मूल आहे तर दे. पण करार अकरा महिन्यांचाच कर."

"अगं ताई, भाड्याचे करार सगळे अकरा महिन्यांचेच असतात. मग पुढे वाढवायचे."

"असतात ना?" हेमाताई म्हणाल्या. "मग झालं तर. वाढवायच्या आधी मला विचार."