वन्संचा अर्धा कार्यक्रम

वहिनी सहसा रडत नसे. आठवड्यातून एकदा, रविवारी संध्याकाळी, टीव्हीसमोर बसून ती रडण्याचा सगळा अनुशेष भरून काढी.

कार्यक्रम साधा होता. कुणी एक दमलेली, स्वतःकडे बघायचं विसरून गेलेली बाई आणत. आधी तिच्याशी बोलत. मग तिचे केस, कपडे, चेहरा, सगळा कायापालट करत. शेवटी आरशावरचा पडदा ओढत. ती बाई तोंडावर हात ठेवी आणि इकडे वहिनीच्या डोळ्यांना धार लागे.

"सुटला नळ," नवरा म्हणे. तो बस चालवायचा. त्याच्या मते खरं रडू शेवटची बस चुकल्यावर येतं.

"तुम्हाला नाही कळायचं. जन्म बदलला तिचा आज."

"उद्या केस धुतले की येईल मूळ पदावर."

वहिनीचं घर वर आणि पार्लर खाली. तिला सगळा रस्ताच वहिनी म्हणत असे. हाताला गुण होता तिच्या, आणि तो तिला पुरता ठाऊक होता. आरशाशेजारी तिने स्वतः रंगवलेली पाटी होती : कात्री चालू असताना बोलू नये. बोललं की मान हलते. मान हलली की रेघ चुकते. वहिनीची रेघ कधी चुकलेली नव्हती. बायका डोकं तिच्या हवाली करत आणि तोंडाला कुलूप लावून बसत.

वरच, मागच्या खोलीत वन्सं राहत. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, त्याची खंतही केली नाही. मोठ्या दवाखान्यात त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. अर्ध्या गावाने त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं, पण आवाज ऐकला की लोक ओळखत.

तो कार्यक्रम वन्संही बघत. मात्र अर्धाच. बोलणं संपून कात्री बाहेर आली की त्या उठत. "झालं माझं," म्हणत. वहिनीचं नेमकं उलट. बोलणं सुरू झालं की ती चहा टाकायला जाई आणि कात्रीच्या वेळेला परत येई. स्वयंपाकघराच्या दारात दोघींची गाठ पडे. एक कप घेई, दुसरी जागा घेई. यात काही वेगळं आहे असं कित्येक वर्षं कुणाच्याच मनात आलं नाही.

मग दवाखान्याने फोनवर यंत्र बसवलं. यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा. वन्संना सांगण्यात आलं, सोमवारपासून दाराजवळच्या चौकशीच्या खिडकीवर बसा.

त्या रात्री जेवताना वन्सं म्हणाल्या, "मी नोकरी सोडते."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "ताई, अगं बसून बोलायचंच आहे ना? तेच तर करतेस इतकी वर्षं."

"लोक बघतील."

"बघू देत की. तू काय वाघ आहेस?"

ज्या बाईला कामाशिवाय दुसरं जग नव्हतं, ती काम सोडायला निघाली होती. वहिनीने मात्र तेवढेच दोन शब्द धरले. लोक बघतील. तिचे डोळे चमकले. जिची ती आयुष्यभर वाट बघत होती ती बाई घरातच, समोर जेवत बसली होती.

रविवारी सकाळी तिने पार्लर बंद ठेवलं आणि आरशावर चादर टाकली. शेजारच्या शिंपीणबाईंनी टीव्हीवर घालतात तसा नवा कोट शिवून आणला. नवऱ्याला टाळ्या वाजवायला उभं केलं.

"अगं, मी काय म्हणते..." वन्संनी सुरुवात केली.

"मान सरळ, वन्सं."

"नाही, पण या कानाचं..."

"हलू नका म्हटलं ना!"

वन्संनी पाटीकडे पाहिलं आणि मान सरळ केली.

वहिनीने जीव ओतला. रंग लावला. टीव्हीवर असतात तशा बटा दोन्ही कानांवरून खाली आणल्या आणि फवारा मारून जागच्या जागी बसवल्या. मग सगळ्यांकडे एकदा पाहून तिने चादर ओढली.

नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. शिंपीणबाई "अगंबाई!" म्हणाल्या. वन्संनी हात उचलला. तो तोंडाकडे गेला नाही, डाव्या कानाकडे गेला. त्यांनी बट मागे सारून पाहिली. बट हलेना.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "ही बाई खरंच छान आहे. उद्या हिलाच पाठव." आणि जिना चढून वर गेल्या.

"रडल्या नाहीत," शिंपीणबाई हळूच म्हणाल्या. "टीव्हीवर रडतात."

वहिनीचा पारा चढला. सकाळ गेली, रंग गेला, आणि वर हे. दिवसभर तिने भांडी जरा जोरातच ठेवली.

संध्याकाळी कार्यक्रम लागला. वन्सं डोक्याला रुमाल बांधून येऊन बसल्या. बोलणं सुरू झालं तशी वहिनी सवयीने उठली. पण दारात तिने मागे वळून पाहिलं, मनातला राग अजून गेला नव्हता म्हणून. आणि ती थांबली.

वन्सं पुढे झुकल्या होत्या. रुमाल वर सारून डावा कान टीव्हीकडे केला होता. डोळे मिटलेले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

पडद्यावर विचारत होते, "घरी गेल्यावर पहिल्यांदा काय करता?" ती बाई सांगत होती की ती दिवा लावत नाही. दिवा लागला की घरातल्यांना कळतं ती आली, आणि मग प्रत्येकाला काहीतरी हवं असतं. म्हणून चपला काढून थोडा वेळ अंधारातच बसते.

वहिनीने हा अर्धा भाग कधी पाहिलाच नव्हता. आज तिने चहा टाकला नाही.

"वन्सं, खाली चला."

"पुन्हा? मेलं माझं डोकं एकच आहे गं."

"चला तर खरं."

खाली आल्यावर वहिनीने पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवली. दुसरी खुर्ची ओढली आणि समोर बसली. कात्री हातात नव्हती, त्यामुळे हातांचं काय करावं हे तिला कळेना.

"कामावर गेल्यावर पहिल्यांदा काय करता तुम्ही?"

वन्सं हसल्या. "हा प्रश्न टीव्हीवरून उचललास ना?"

"उचलला. सांगा."

"पर्स ठेवते. केस मागे घेते, डावा कान मोकळा करते. आणि डोळे मिटते."

"डोळे कशाला?"

"उघड्या डोळ्यांनी मला नीट ऐकू येत नाही. फोन करणारा वॉर्ड विचारतो गं, पण तो घाबरलेला असतो. काय विचारायचंय ते त्यालाच ठाऊक नसतं. मी डोळे मिटून ऐकते, मग मला कळतं. खिडकीत बसून डोळे मिटले तर लोक म्हणतील, म्हातारी झोपली. हसतील. डोळे उघडे ठेवले तर मला कामच जमणार नाही. म्हणून सोडते म्हटलं. चेहऱ्याचं काय घेऊन बसलीस? चेहऱ्याची मला कधी लाज नव्हती."

"मग सकाळी का नाही बोललात?"

"मान सरळ होती ना."

वहिनीला हसू आलं. ती उठली. कात्री घेतली.

"आता कापते. तुम्ही बोलत राहा."

"हलले तर?"

"हला."

वन्सं बोलत राहिल्या. हातवारे करत, मान वळवत, मध्येच मागे बघून. डाव्या बाजूची बट गेली, कान मोकळा झाला. रेघ थोडी वाकडी आली. वहिनीने ती पाहिली, कंगवा उचलला, आणि परत खाली ठेवला.

वर जाताना वन्सं म्हणाल्या, "उद्याचा दिवस बघते जाऊन."

सोमवारी त्या डबा विसरल्या. निदान वहिनी तसं म्हणत होती. ती डबा घेऊन दवाखान्यात पोचली तेव्हा खिडकीपुढे रांग होती. सगळ्यात पुढे एक आजोबा कागद उलटेपालटे करत होते. वन्संनी डावा कान काचेच्या भोकाशी नेला आणि डोळे मिटले.

आजोबा बोलता बोलता थबकले. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बाई झोपल्या वाटतं." दोघंतिघं हसली.

वहिनीने हातातला डबा घट्ट धरला.

वन्संनी डोळे उघडले नाहीत. "झोपले नाही, ऐकतेय," त्या म्हणाल्या. तोच आवाज. रांगेतल्या दोघांनी चमकून वर पाहिलं, ओळखीचं माणूस दिसावं तसं. "तुमची पाळी आली की तुमचंही ऐकेन. हां आजोबा, आत कोण आहे तुमचं?"

आजोबांनी कागद खिशात घातले. काचेवर हात टेकला आणि खाली वाकून हळूहळू सांगू लागले. बराच वेळ सांगत होते. रांगेत कुणी घाई केली नाही.

आजोबा वळले तेव्हा वन्संनी डोळे उघडले. वहिनी समोरच उभी होती, डोळे भरलेले.

"डबा तिथे ठेव," वन्सं म्हणाल्या. "आणि तुला काही सांगायचं असेल तर रांगेत ये. वशिला चालत नाही इथे."

वहिनीने डबा ठेवला. पार्लर उघडायला उशीर होत होता. ती रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.