चळवळीतली माणसं आणि आमचा रेकॉर्डर

आमच्या कामात मुलाखती कमी आणि किस्से जास्त जमतात. मुलाखत संपली, मशीन बंद झालं, माणूस पाय लांब करून बसला, की खरं बोलणं सुरू होतं. आणि नेमकं तेच कुठे साठवलं जात नाही. मग आम्हीच ते एकमेकांना सांगत बसतो. टपरीवर चहा पिताना, पंक्चर निघेपर्यंत, कुणाच्या तरी ओट्यावर टेकल्या टेकल्या.

आम्ही तिघं. सुनंदाताई प्रश्न विचारतात. त्यांचे केस चळवळीतच पांढरे झालेत, त्यामुळे म्हातारी माणसं त्यांच्याशी मोकळेपणानं बोलतात. युनूसभाई रेकॉर्डिंग करतात आणि व्हॅनही चालवतात. मी नंतर हेडफोन लावून सगळं ऐकते आणि लिहून काढते. नगर जिल्ह्यात कुणी मोर्चे काढले, कुणी धरणं धरलं, कुणी दारूचा अड्डा बंद पाडला, ते त्यांच्याच तोंडून गोळा करायचं. एवढंच काम.

'एवढंच' असं आम्हाला सुरुवातीला वाटायचं!

* * *

राहुरीच्या पुढे, धरणाच्या काठाला भाऊरावआबा राहतात. त्यांचं जुनं गाव पाण्यात गेलं. बदली जमिनीसाठी आबांनी अर्धं आयुष्य कचेरीसमोर सतरंजीवर बसून काढलं. मुलाखतीला लगेच तयार झाले, फक्त एक अट घातली.

"आपल्या घरी बसून बोलू."

आम्ही त्यांच्या घरातच बसलो होतो!

"हे न्हाई हो. घरी."

मे महिना होता. पाणी पार आत सरकलं होतं आणि जुन्या गावाचा चिखल वाळून भेगाळला होता. आबा आम्हाला चालवत घेऊन गेले. एका ठिकाणी जोत्याच्या दगडांची रांग तेवढी वर दिसत होती. भिंत नाही, छप्पर नाही, आजूबाजूला झाडसुद्धा नाही. आबांनी दगडांच्या बाहेर चपला काढल्या, कमरेत वाकले आणि आत गेले.

"दार बुटकं हाय बरं का. डोकं सांभाळा."

सुनंदाताई वाकल्या. त्या वाकल्या म्हणून मीही वाकले. म्हाताऱ्या माणसाचा मान ठेवायचा, दुसरं काय! युनूसभाई मात्र खांद्यावर मशीन घेऊन ताठ उभेच्या उभे आत आले. सहा फुटी माणूस.

मुलाखत छान झाली. आबा रडले नाहीत, उलट माजघर कुठे, गोठा कुठे ते दाखवत खूप हसले.

परत येताना युनूसभाई एका हातानं व्हॅन चालवत होते. दुसरा हात सारखा कपाळावर.

"काय झालं हो?" मी विचारलं.

"लागलं."

"कशाला?"

त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. कपाळावर चांगलं सुपारीएवढं टेंगूळ आलं होतं.

"ते विचारू नका ना मॅडम!"

* * *

एका गावात आम्ही सोनाबाईंना भेटलो. गावच्या विहिरीवर दलित वस्तीला पाणी भरू देत नसत, तेव्हा कळशी घेऊन सगळ्यात आधी ही बाई विहिरीवर चढली. तेव्हा त्या नव्या सूनबाई होत्या. विहिरीच्या काठावर गावातले एक तात्या आडवे उभे होते. सोनाबाई त्यांच्या बाजूनं गेल्या, पोहरा सोडला, पाणी ओढलं आणि सगळ्यांसमोर तिथंच उभं राहून प्यायल्या.

सुनंदाताईंचा नियम आहे, विरोधात होता त्याचंही ऐकायचं. म्हणून आम्ही तात्यांकडे गेलो. खूप थकलेत. आम्हाला बसायला सांगितलं. मग एकदम म्हणाले,

"त्या दिवसापास्नं मला तहान लागत न्हाई."

आम्हाला वाटलं, बोलायची पद्धत असेल. पश्चात्ताप वगैरे. पण त्यांची सून दारातूनच म्हणाली, "खरंच हो ताई. औषधासारखं पाणी द्यावं लागतं. उन्हातून आले तरी कधी मागत नाहीत. दवाखाने झाले, सगळं झालं."

तात्या आमच्याकडे बघत होते. ओठ कोरडे पडलेले, भेगा गेलेल्या. म्हणाले, "पानी समोर ठिवलं ना, तर हे कशाला ठिवलंय तेच कळत न्हाई."

जाता जाता आम्ही पुन्हा सोनाबाईंकडे टेकलो. सुनंदाताईंनी त्यांना हे सांगितलं. आजींना काहीच नवल वाटलं नाही. ऐकता ऐकता त्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि संपवला. नातसुनेला हाक मारून दुसरा मागवला. तोही संपवला.

"आजी, एवढी तहान?" मी म्हटलं.

पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "त्याची बी मलाच लागती ना बया!"

* * *

नगर शहरातल्या विडी कामगार बायकांचा संप झाला होता, त्यात युनूसभाईंच्या एक लांबच्या मावशी पुढे होत्या. सगळे त्यांना खालाजान म्हणतात. आता डोळ्यांना दिसत नाही. विड्या वळणं सुटून किती वर्षं झाली, पण बोटं थांबलेली नाहीत. मांडीवर काही नसतं. तरी बोटं पान घेतात, तंबाखू भरतात, वळतात, दोरा गुंडाळतात. दिवसभर.

"झोपेत पण चालतात," त्यांची मुलगी म्हणाली. "नमाजला थांबतात, तेवढंच."

खालाजान लहानपणापासून सांगत होत्या. बोटं चालूच. मालकाचा माणूस वळलेल्या विड्या कशा नापास करून फेकायचा, ते सांगितलं. बोटं चालूच. मग म्हणाल्या, "आणि त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मांडीवरची सुपं खाली ठेवली."

बोटं थांबली.

दोन्ही हात मांडीवर उपडे पडले. पूर्ण संपाची हकिगत सांगून होईपर्यंत हलले नाहीत. त्या बोलत होत्या, हसत होत्या, पोलीस कसे आले ते सांगत होत्या, आणि हात मात्र दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे पडून. आम्ही तिघंही चेहरा सोडून हातांकडेच बघत होतो. मग "संप मिटला" म्हणाल्या, आणि उजवा हात पान शोधायला लागला.

आम्ही उठलो. मुलगी जिन्यापर्यंत पोचवायला आली. इकडेतिकडे बघून हळूच सुनंदाताईंना म्हणाली,

"बाजी, परत एकदा संपाचंच विचारा ना! तेवढाच अम्मींच्या हातांना आराम पडतो."

* * *

देवळाली प्रवराजवळ एक रिटायर्ड गुरुजी आहेत. आयुष्यभर अंधश्रद्धेच्या विरोधात गावोगाव हिंडले. अंगात येणाऱ्यांना पकडलं, भोंदूबाबांना पळवलं. झपाटलेलं म्हणून एक घर कुणी घेत नव्हतं, ते गुरुजींनी मुद्दाम विकत घेतलं आणि तिथंच संसार थाटला. लोकांना दाखवून द्यायला!

मुलाखत त्याच घरात. छान उजेडाचं घर, पुढे कर्दळी लावलेल्या. गुरुजी एकदम मुद्देसूद बोलले. माझं लिहायचं काम निम्मं वाचलं.

शेवटी युनूसभाईंना राहवेना. "गुरुजी, इतकी वर्षं राहताय इथे. कधीच काही आवाज वगैरे...?"

"आवाज येतो की," गुरुजी म्हणाले. "पण आपण मानत नाही!"

* * *

पाथर्डीकडच्या एका गावात बायकांनी हातभट्टीचा अड्डा फोडला होता. त्या बायका आता आज्या झाल्यात. देवळाच्या ओट्यावर सगळ्या जमल्या. एकीनं वाक्य सुरू केलं की दुसरी ते पळवायची. मडकी कशी फोडली यावर तर भांडणच लागलं. पण एक गोष्ट सगळ्या सारखीच सांगत होत्या.

"रखमा पुढं हुती."

"रखमा पुढं हुती म्हून आमी गेलो."

"मग रखमाताई कुठे आहेत?" सुनंदाताईंनी विचारलं. "त्यांनाही बोलवा ना."

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एक जण सावकाश म्हणाली, "ती आदीच गेल्ती."

रखमाचा नवरा त्याच अड्ड्यावर प्यायचा. एका दुपारी त्यानं तिला इतकं मारलं की ती पुन्हा उठलीच नाही. तिचे दिवस घालायच्या आतच बाया निघाल्या. तिचं हिरवं लुगडं काठीला बांधलं आणि सगळ्यांच्या पुढे धरलं.

"म्हंजे रखमाच पुढं न्हवती व्हय?"

युनूसभाईंनी मशीन बंद केलं.

त्या अड्ड्याचा जुना मालक अजून गावातच आहे. आता त्याचं किराणा दुकान आहे. आम्ही पाण्याची बाटली घ्यायला थांबलो, तर स्वतःहूनच म्हणाला, "ताई, माझं बी ऐका की. मी काय आता तसा ऱ्हायलो न्हाई."

"बायकांना घाबरून बंद केलंत ना?" सुनंदाताई जरा कडक आवाजातच म्हणाल्या.

"बायांना न्हाई भ्यालो. त्या तर रोजच शिव्या द्यायच्या. पुढं जी हुती, तिला भ्यालो."

"काठीला बांधलेलं लुगडं ना? ते कळलं आम्हाला."

तो गूळ तोलत होता. हात तसाच तराजूवर राहिला.

"काठीला?" तो म्हणाला. "लुगडं नेसल्यालं हुतं तिनं."

* * *

आणि दगडूकाका.

ऊसपट्ट्यातल्या शेतमजुरांच्या संपात दगडूकाकांची घोषणा पुढच्या गावापर्यंत ऐकू जायची म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा त्यांच्या घशाचं ऑपरेशन होऊन आवाज कायमचा गेला होता. नुसते बसून राहायचे. आम्ही परत फिरणार, तेवढ्यात काकू त्यांच्याशेजारी येऊन बसल्या. "इचारा," म्हणाल्या.

सुनंदाताईंनी विचारलं, "संपाची सुरुवात कशी झाली?"

काका काकूंकडे बघायला लागले. आणि काकू बोलायला लागल्या.

"मी तवा कारभाऱ्याच्या वस्तीवर कामाला हुतो. मी गाडीवर चढलो आन् म्हनलो, उद्यापास्नं कोयता उचलायचा न्हाई."

हुतो. चढलो. म्हनलो. आधी वाटलं, नवऱ्याची नक्कल करून दाखवताहेत. पण नक्कल नव्हती. काकांच्या कपाळाला आठी पडली की काकूंचा आवाज चढायचा. काकांनी आवंढा गिळला की काकू थांबायच्या. मारामारीचं सांगताना काकूंनी असा काही आवाज लावला की अंगणातल्या कोंबड्या उधळल्या. काका फक्त त्यांच्याकडे बघत होते, पापणी न हलवता.

आम्हाला दुसऱ्या बायकांकडून एक गोष्ट कळली होती. त्या संपात काकू स्वतःही होत्या. लाठी खाल्ली होती, तुरुंगात गेल्या होत्या, लहान लेकरू शेजारणीकडे टाकून. हे कुणीच कुठे लिहिलेलं नाही. सुनंदाताई खरं तर त्यासाठीच तिथे गेल्या होत्या.

"काकू," त्या म्हणाल्या, "आता तुमचं सांगा. तुम्ही कुठे होता त्या दिवशी?"

काकूंचं तोंड उघडलं. आवाज आला नाही. त्यांनी काकांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. काकांनी मान हलवली. नाही, अशी.

काकू आमच्याकडे वळल्या. त्याच जाड आवाजात म्हणाल्या, "तिला काय आठवत न्हाई."

ते मी नंतर हेडफोनवर पुन्हा ऐकलं. लिहिताना बोलणाऱ्याचं नाव घालावं लागतं. ती जागा मी रिकामी सोडली.

पुढे काका गेल्याचं कळलं. आम्ही भेटायला गेलो. मशीन नेलं नव्हतं, तसं ते बरंही दिसलं नसतं. काकू ओसरीवर एकट्याच बसल्या होत्या. काका बसायचे त्याच जागी, भिंतीला पाठ लावून, काकांसारखाच एक गुडघा वर घेऊन. सुनंदाताई त्यांच्याजवळ बसल्या, हात हातात घेतला.

"कसं झालं हो हे?"

"मला जाऊन महिना व्हईल आता, ताई," काकू म्हणाल्या. "झोपेतच गेलो. तरास न्हाई झाला."

युनूसभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. सुनंदाताईंनी हात सोडला नाही. आवाज शक्य तेवढा सरळ ठेवून त्यांनी विचारलं,

"आणि काकू? काकू कशा आहेत?"

काकूंनी मान वळवून घरात पाहिलं. आत कुणी नव्हतं. मग आमच्याकडे थोडं झुकून, घरातल्याला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाल्या,

"तिला आता जरा जरा आठवाया लागलंय."