सतराचा पाढा

दोन हजार तेवीस साल, वय माझं एकोणऐंशी. शाळेच्या कुंपणापाशी पाय थबकले. पोरी उड्या मारत सतराचा पाढा म्हणत होत्या, बाई टाळ्या वाजवत होत्या. चुकणारीच आधी हसायची.

आमच्या वेळी वर्गात हाताची घडी घालून बसावं लागे. मला तर डोलल्याशिवाय पाढा आठवतच नसे. ‘हलू नकोस!’ गुरुजी ओरडले आणि मी सतरा चोकला अडलो. वर्ग हसला. मी पाटी उचलून निघालो तो कायमचाच. स्वतःचं हसं करून घेईन तर मी कसला! पण त्या दिवशी डोलू दिलं असतं तर?

‘आजोबा, काठी ठेवा अन् या की!’ एक पोर ओरडली.

‘हे काय उड्या मारायचं वय आहे?’ म्हणत निघालो. वाटभर मान डोलत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठी कुंपणाला टेकवली आणि पोरींच्या रांगेत शेवटी उभा राहिलो.