मोहरीची उशी आणि गुरुवारची अपॉइंटमेंट

गेल्या रविवारी आमच्या गारखेड्याच्या घरात मीटिंग भरली होती. विषय होता माझ्या छातीची डावी बाजू. आणि मी आत चहा करत होते...

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मागच्या वर्षी कॅन्सरमुळे माझा डावा स्तन काढला. केमो झाली, रेडिएशन झालं, केस परत आले, तेही कुरळे. आता प्रश्न उरलाय तो एवढाच, की ऑपरेशन करून त्या जागी नवीन स्तन बनवून घ्यायचा, की ब्रामध्ये कृत्रिम काहीतरी घालून भागवायचं.

हा प्रश्न माझा आहे असं मला वाटत होतं.

नवरा वाळूजला एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. पार्ट रिजेक्ट झाला की रीवर्कला पाठवायचा, हे त्याच्या हाडीमाशी मुरलंय. पोटाचा भाग काढून छातीवर बसवतात त्या ऑपरेशनचे व्हिडिओ तो मला मोबाइलवर दाखवतो... जेवताना, वरणभातासोबत.

नणंद गंगापूरला शाळेत शिकवते. तिचं म्हणणं, करूनच टाक वहिनी, त्या निमित्ताने पोटही आत जाईल. शिवाय उद्या ऋतूच्या लग्नात व्याह्यांसमोर कसं दिसेल... ऋतू म्हणजे माझी मुलगी. ती अजून बारावीत आहे.

डॉक्टर मॅडमनी खरं तर नीट समजावलं होतं. घाई नाही, दोन्ही चालतं, काहीच न करणंही चालतं, तुम्हाला काय हवं ते सांगा. मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "आम्हाला पोटाचं चालेल."

आम्हाला! मी रागातून सावरेपर्यंत पुढच्या गुरुवारची अपॉइंटमेंट ठरून आम्ही बाहेरही पडलो होतो.

तुम्ही म्हणाल, काळजीपोटीच करतोय ना. हो, करतोय. ऑपरेशननंतर जखमेतलं पाणी साठायची ती ड्रेनची बाटली याच माणसाने तोंड वाकडं न करता रिकामी केली. म्हणून तर जास्त चिडचिड होते, धड भांडताही येत नाही.

सिलिकॉनचं घालून बघितलं होतं. चांगलं असतं ते, पण आमच्याकडच्या उन्हाळ्यात भर दुपारी... नुसता वैताग. माझी तगमग बघून सासूबाईंनी कापूस भरून एक पिशवी शिवली. त्या या आजाराला अजून 'ते दुखणं' म्हणतात, नाव घेत नाहीत.

ती पिशवी घालून मी शेजारी चैत्रातल्या हळदी-कुंकवाला गेले. कापूस तो, हलका. ओटी घ्यायला वाकले आणि सरळ उभी राहीपर्यंत पिशवी गळ्याच्या हाडापर्यंत चढली होती. पदराने सगळं झाकत, कैरीची डाळ तशीच टाकून घरी आले.

सासूबाई गप्प बसतील तर शपथ. शनिवारी खोलीत जाऊन बघते तर पलंगावर ऋतूची उशी उसवून पडलेली. ऋतू तान्ही असताना तिच्या डोक्याला चांगला गोल आकार यावा म्हणून सासूबाईंनीच शिवलेली, मोहरी भरलेली एवढीशी उशी. मी ती आठवण म्हणून कपाटात जपली होती, आणि यांनी मला न विचारता कात्री लावली.

मी ओरडलेच. त्यांनी नवीन पिशवीला शेवटचा टाका घालून दोरा दातांनी तोडला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"आता काय ती तान्ही ऱ्हायली व्हय? मोहरी जड असती, वर नाय चढायची. लई गरम झालं तर काढून ठिव."

चिडतच घातली. बसली की नीट! मग एकदम लक्षात आलं, ऋतूला मी याच बाजूला जास्त पाजलं होतं... बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडून आले. उशीचा राग तरीही गेला नाही. पण त्यांचं ते 'काढून ठिव' मात्र डोक्यातून जाईना.

तर रविवारची मीटिंग. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा नवऱ्याची रजा, नणंदेची सुट्टी, दवाखान्यात कोण थांबणार, सगळं ठरत आलं होतं. फक्त मला विचारायचं राहिलं होतं.

मी पदराआड हात घालून पिशवी काढली आणि टीपॉयवर, बिस्किटांच्या शेजारी ठेवली. नणंद भिंतीकडे बघायला लागली.

"हे मला काढता येतं," मी म्हणाले. "तुम्ही जे ठरवताय ते काढता येणार नाही. मला परत ऑपरेशन नकोय."

नवऱ्याने पिशवी उचलली, तळहातावर तोलून बघितली. सवय, दुसरं काय. मग त्याने विचारलं, पुढे कधी करावंसं वाटलं तर? तर मी सांगेन, म्हटलं. मी.

नणंदेने पुन्हा लग्नाचा विषय काढला. सासूबाई तिला म्हणाल्या, "चहा पी."

माझ्याबरोबर रेडिएशनला येणाऱ्या मैत्रिणीने ऑपरेशन करून घेतलं. ती खूश आहे आणि तिचं बरोबरच आहे, कारण ते तिने ठरवलं. गुरुवारी आम्हीही जाणार आहोत. बोलणार मी, नवरा गाडी पार्क करणार.

उशी कापल्याबद्दल सासूबाईंना मी अजून माफ केलेलं नाही. पण त्यांचे आभार मात्र मानायला हवेत...

हे लिहिताना पिशवी खिडकीत उन्हाला ठेवली आहे आणि मी सैल गाऊन घालून पंख्याखाली बसले आहे. एका बाजूने सपाट. घरात सगळ्यांना दिसतंय... दिसू दे.