माझ्या आंब्यांचा दानधर्म

आमच्या घरात अठरा दिवस चार क्रेट दशहरी आंबे होते आणि त्यातला एकही खायची कुणाला परवानगी नव्हती.

मी आंब्यांवर संशोधन करते. (लखनौत राहून दुसरं काय करणार, असं माझी सांगलीची आई म्हणते.) माझा प्रकल्प असा, की आंब्याला कोरफडीचा लेप लावायचा आणि फ्रीजबिज न वापरता, साध्या घरात तो किती दिवस टिकतो ते पाहायचं. साधं घर म्हणून मी आमचंच निवडलं, कारण याहून साधं मिळालं नसतं. मलिहाबादहून हंगामाचे अगदी शेवटचे आंबे आणले. निम्म्यांना लेप लावला, निम्मे तुलनेसाठी तसेच ठेवले, प्रत्येकावर नंबराचं स्टिकर चिकटवलं आणि सगळे मागच्या खोलीत मांडले. हे तिसरं आणि शेवटचं वर्ष. सोमवारी सकाळी अकराला ते डायरेक्टरसाहेबांपुढे ठेवायचे, कापायचे, सगळ्यांना चाखायला द्यायचे आणि मुदतवाढ मिळवायची. नाही मिळाली तर प्रकल्प बंद!

रोज सकाळी मी खोलीत जाऊन एकेक आंबा दाबायची, हुंगायची, वहीत लिहायची आणि बाहेर येऊन कडी घालायची. दारात आमची सई उभीच. वय वर्षं सात, इयत्ता दुसरी.

"मम्मा, एक?"

"नाही."

"छोटावाला?"

"सई, ते खायचे आंबे नाहीत!"

आंबे खायचे नसतात हे सात वर्षांच्या मुलीला, तेही लखनौत, तेही आंब्यांच्या मोसमात पटवून देण्याइतकी मी हुशार नाही. तिनं आपला निष्कर्ष काढला. आपली आई कंजूष आहे.

जुलैत शाळा उघडली आणि पहिल्याच आठवड्यात 'काइंडनेस वीक' आला. मिश्रा मॅडमनी वर्गात विचारलं, तुमच्या घरी असं काय आहे, जे भरपूर आहे पण कुणाच्याच उपयोगी पडत नाही? मुलांनी जुने स्वेटर सांगितले, तुटकी खेळणी सांगितली. आमच्या कन्येनं उभं राहून सांगितलं, "मम्मा के आम. वो खाती नहीं, बस देखती हैं और बंद कर देती हैं."

मॅडमना गलबलून आलं असावं. "तो बेटा, बाँटने में मम्मा की हेल्प करो," त्या म्हणाल्या.

(हे सगळं मला नंतर कळलं. शनिवारी शाळेच्या गेटवर मी मिश्रा मॅडमचे दोन्ही हात हातात घेऊन 'आप बच्चों को कितना अच्छा सिखाती हैं' असं म्हणून आले होते!)

रविवारी दुपारी मी सोमवारची तयारी करायला ऑफिसात गेले. घरी सई आणि अभय, म्हणजे माझा नवरा. तो रेल्वेत इंजिनिअर आहे. त्या वेळी तो मोबाइलवर मॅच बघत होता.

"पापा, काइंडनेस वीक के लिए कुछ बाँट दूँ?"

"दे की."

"सब?"

"सब दे बेटा."

(रेल्वेत हाच माणूस एक नट बदलायचा तर तीन सह्या मागतो!) सईनं खालून सोसायटीचे गार्ड तिवारीजी यांना बोलावलं. मीच सांगितलं असणार अशा समजुतीनं त्यांनी चारही क्रेट उचलून खाली नेले. अभयनं दार धरून ठेवलं होतं, हे तो आजही मोठ्या अभिमानाने सांगतो.

चार वाजता मी परत आले. मागच्या खोलीची कडी उघडी. आत काहीही नाही. फरशी पुसलेलीसुद्धा!

"सई! आंबे कुठायत?"

"बाँट दिए!" सई आनंदानं उड्या मारत होती. "सब खुश हो गए मम्मा!"

मी भिंतीला टेकून खाली बसले. शेवटची आशा म्हणून विचारलं, "कुणाला कुठल्या नंबरचा दिला, आठवतंय का राणी?"

"नंबर तो निकाल दिए. मॅम ने बोला, किसी को गिफ्ट दो तो प्राइसवाला स्टिकर हटाकर दो. नहीं तो उसको बुरा लगता है."

आणि तिनं आतून तक्ता आणून दाखवला. 'काइंडनेस ट्री'! तपकिरी खोड, हिरव्या फांद्या आणि पानांच्या जागी माझ्या तीन वर्षांच्या संशोधनाचे नंबर, एकही वाकडा न चिकटवता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सईला वाटलं कौतुकानं आलं, आणि तिनं मला मिठी मारली. आता ओरडू कशी?

"रडू नकोस," अभय म्हणाला. (मॅच संपली होती.) "आंबे गेले, पण खाणारे इथेच आहेत ना? जा, विचार. चव कशी होती, कडक होते की मऊ, लिहून आण. डेटाच आहे तो!"

बुडत्या माणसाला काहीही पटतं. मी वही-पेन घेऊन सोसायटीच्या गेटवर गेले.

"तिवारीजी, आम कैसा था?"

"अरे मैडम, ऐसा आम तो ज़िंदगी में नहीं खाया!"

मी लिहिलं, उत्कृष्ट. गेटबाहेर इस्त्रीचा ठेला लावणाऱ्या रुखसानाबी म्हणाल्या, "बिटिया के हाथ का था, मीठा तो होना ही था." उत्कृष्ट. मग तेलीबागच्या बाजाराकडे वळणारा एक ई-रिक्षावाला गाडी थांबवून म्हणाला, "भाभीजी, बच्चों ने गुठली तक नहीं छोड़ी!" उत्कृष्ट! माझी उमेद वाढली. वहीचं पान भरलं. शेवटी बाकावर एक आजोबा आंबा खात बसले होते त्यांच्याकडे गेले. त्यांच्या हातातला आंबा बिनलेपाचा होता हे लांबूनही कळत होतं. काळा, सुरकुतलेला, देठापाशी बुरशी आलेला.

"चाचाजी, वो मत खाइए! ख़राब है!"

आजोबांनी आंबा छातीशी धरला. "कैसी बात करती हैं आप? बहुत उम्दा है," असं म्हणून त्यांनी माझ्यादेखत आणखी एक घास घेतला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

मी वही मिटली. सात वर्षं या शहरात राहून माझ्या लक्षात कसं आलं नाही? इथे प्रेमानं दिलेल्या वस्तूला नावं ठेवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मी आणखी शंभर जणांना विचारलं असतं तरी शंभर 'उत्कृष्ट' मिळाले असते. पार हताश होऊन मी जिना चढले.

घरी सई बशी घेऊन वाट बघत होती. बशीत एक आंबा. लेपाचा, पिवळाधमक, अठराव्या दिवशीही टणक!

"ये तुम्हारे लिए बचाया था. तुम तो कभी खाती ही नहीं."

तीन वर्षांतला हा एकमेव उरलेला पुरावा! हा उद्या साहेबांपुढे ठेवला असता तर काहीतरी बोलता आलं असतं. मलिहाबादच्या झाडांवर आता एकही दशहरी शिल्लक नव्हता. मी अभयकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघू लागला. सई मात्र माझ्याकडेच बघत होती, सुरी पुढे करून.

मी आंबा कापला. खरं सांगते, तीन वर्षं मी हे आंबे मोजले, दाबले, त्यांचा रस यंत्रात घातला, पण तोंडात घातला नव्हता. चाखणं हे इतरांचं काम, संशोधकानं आपलाच आंबा चाखून काय उपयोग, असं मला वाटायचं. पहिली फोड खाल्ली. सुरेख रंग, सुरेख गर आणि चव कच्च्या दुधी भोपळ्याची! त्यामागून कोरफडीचा कडवटपणा सावकाश आला आणि मुक्कामाला राहिला.

"कैसा है मम्मा?"

"खूप गोड आहे गं," मी म्हणाले आणि अख्खा आंबा संपवला.

सोमवारी अकराला मी रिकाम्या हातांनी डायरेक्टरसाहेबांपुढे उभी राहिले. हा पक्का लखनवी माणूस, शिपायालासुद्धा 'आप' म्हणणारा. मी सगळं सांगून टाकलं. दान, स्टिकरं, झाड, सगळं. शेवटी मान खाली घालून म्हणाले, "और सर, सच ये है कि आम टिकता तो है, पर खाने लायक नहीं रहता."

"जी, मालूम है," साहेब शांतपणे म्हणाले.

"मालूम है?"

"पिछले साल आप एक पेटी घर दे गई थीं न. हम सबने खाए थे."

"लेकिन सर, आपने तो कहा था, लाजवाब!" (हाच शब्द मी गेल्या वर्षीच्या अहवालात पहिल्या पानावर घातला होता. त्याच्याच जोरावर तर तिसरं वर्ष मंजूर झालं होतं!)

साहेब बिचारे लाजले. "अरे मैडम, आप इतने प्यार से लाई थीं. मुँह पर कैसे कह देते?"

प्रकल्प त्याच दिवशी बंद झाला. थंडीत त्यांनी मला पेरूंचं काम दिलं. आता मी शहाणी झाले आहे. लहान मूल तरी खरं सांगेल म्हणून लेप लावलेला पहिला पेरू मी घरी आणते आणि पहिली फोड सईला देते. ती खाते, डोळे मिटून गिळते, "बहुत अच्छा है मम्मा," म्हणते आणि उरलेला अख्खा पेरू मलाच दान करते.