जाडा आवाज

बास गिटार वाजवणाऱ्याला हळदीत, लग्नात, गणपतीत एकच प्रश्न विचारतात: "दोन तारा तुटल्या काय रे?" नाही तुटल्या. चारच असतात. हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं होतं, तरी अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत दर कार्यक्रमात कोणीतरी शहाणा पुढे यायचाच.

घरी बाबांनी विचारलं तेव्हा मात्र मला चिडता आलं नाही. गिटार उलटीसुलटी करून बघत ते म्हणाले, "रे, हेच्यो दोन तारो खंय गेल्यो?" मी चार बोटं दाखवली आणि त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "चारच असतात! हिचा आवाज जाडा असतो!" त्यांनी मान डोलावली. पटलेलं नव्हतं हे उघड दिसत होतं.

बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. सगळे साचे एकदम धडधडायचे, तिथे माणसं हातवाऱ्यांवर आणि ओठांवर बोलायची. गिरणी सुटली, पण कान तिथेच राहिले. उजवा पुरता गेलेला, डावा थोडाफार शिल्लक. आणि त्या डाव्याची तऱ्हा अशी की आई शेजारी बसून बोलली तरी ऐकू यायचं नाही, पण खालून टेम्पो गेला की हे खिडकीकडे बघणार. आईला वाटायचं, मुद्दाम करतात. "टेम्पो बरा कळतो ह्यांना! बायकोची बडबड नको," म्हणून ती भांडी आपटायची. तेही त्यांना ऐकू यायचं नाही, त्यामुळे तिचा राग फुकटच जायचा.

शेवटी मी त्यांना महापालिकेच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर घाईत होते. म्हणाले, "बारीक आवाज गेलेत. बायकांचा आवाज, भांडी, घंटा, ते आता नाही यायचं. जाडे आवाज आहेत अजून. पण तेही हळूहळू जातील, करण्यासारखं काही नाही." मी बाबांकडे बघितलं. ते डॉक्टरांच्या ओठांकडे टक लावून बघत होते. त्यांना सगळं कळलं होतं. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलंसुद्धा नाही, फक्त छत्री उघडली.

मी मात्र दवाखान्याच्या बाकावरच खूश झालो होतो. सांगायला विचित्र वाटतं, पण झालो होतो. जाडे आवाज आहेत म्हणजे माझी बास त्यांना ऐकू येणार! गाणारी ऐकू येणार नाही, व्हायोलिन नाही, ॲकॉर्डियन नाही, फक्त मी. आजवर बाबांनी माझा एकही सूर ऐकला नव्हता. तो ऐकवायचा आणि आहे तो कान जायच्या आत ऐकवायचा, एवढं एकच माझ्या डोक्यात बसलं.

आता यात अडचण काय? अडचण अशी, की माझा सूर कोणालाच ऐकू येत नव्हता. धड कानांच्या लोकांनाही नाही.

दिवसा मी अंधेरीला एका कंपनीत डिस्पॅचला होतो आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात. आमच्यासारख्या लहान ऑर्केस्ट्राला स्वतःचं साउंड कुठलं? मंडपवाला भोंगे लावायचा, त्यातच सगळं. भोंग्यातून गाणारीचा आवाज चार गल्ल्या ओलांडून जातो. बासचं मात्र त्यातून काहीच येत नाही, आलीच तर नाक शिंकरल्यागत खरखर येते. खारदांड्याला एका हळदीत मी सबंध संध्याकाळ बोटं सोलून घेतली, आणि खाली उतरल्यावर नवऱ्याचा मामा विचारतो, "तू गाणारेस कधी, की नुसता उभाच राहणार?" च्यायला!

मग मी उपाय सुरू केले. घरचा रेडिओ होता, त्याच्या मागे वायर खुपसून बघितली. रेडिओने थोडा वेळ सहन केलं, मग आतल्या स्पीकरचा कागद टरकन फाटला. आईने तीन पिढ्यांचा उद्धार केला. नंतर लीड गिटारवाल्याच्या ॲम्प्लिफायरमध्ये वाटेकरी झालो. मी जोरात वाजवलं की त्याचा सूर चिरकायचा आणि तो भर गाण्यात माझ्याकडे डोळे वटारायचा. एक दिवस त्याने माझी वायरच उपटून काढली.

आमच्या ड्रमरच्या ओळखीचा एकजण जुहूच्या हॉटेलात वाजवायचा. त्याच्याकडे परदेशी ॲम्प्लिफायर होता, माझ्या छातीपर्यंत येणारा. दुपारी हॉटेल रिकामं असताना त्याने मला एक तार छेडू दिली. आवाज कानात आलाच नाही, पोटात आला. टेबलावरचा चमचा सरकला. मला एकदम बाबा आठवले. ड्रमर म्हणाला, "बघून घे आणि चल. आपल्या सात जन्मात नाही येणार हा." त्याचंही खरं होतं.

म्हणून मी करून घेतला. अंधेरीच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याने ॲम्प्लिफायर बांधला. पेटीवरून माझी आणि ड्रमरची महिनाभर वादावादी. तो म्हणायचा, दोन लहान स्पीकर घे, उचलायला सोपे. मी म्हणायचो, एकच घेईन पण पंधरा इंची, कारण जाडा सूर काढायचा तर मोठा कागद हलायला पाहिजे. पातळ प्लायवूड स्वतःच वाजतं, म्हणून दिंडोशीच्या सुताराकडून चांगल्या जाड फळ्यांची पेटी करून घेतली. तयार झाली तेव्हा उचलायला चार माणसं लागली. ऑर्केस्ट्रात तिचं नाव पडलं कपाट. मालक म्हणायचे, "तुझ्या कपाटापायी टेम्पोत दोन माणसं कमी बसतात रे." पण आवाज! झकास. पहिल्यांदा वाजवली तेव्हा गाणारी मागे वळून म्हणाली, "अय्या, हा तू वाजवतोस?" चार वर्षं माझ्या पुढे उभी राहून गात होती ती.

कपाट घरी आणणं अशक्य होतं. घाटकोपरची आमची चाळ, जिना असा की शेजाऱ्यांचं लग्नातलं कपाटसुद्धा दोरीने वर ओढलं होतं, आणि खोलीत माणसंच मावत नव्हती. ते अंधेरीला तालमीच्या गॅरेजमध्ये राहायचं. बाबांना तिकडे चला म्हटलं तर ते म्हणाले, "भयऱ्यान थंय येवन काय करूचा?" बाहेरच्या लोकांत आपल्याला ऐकू येत नाही हे दिसलेलं त्यांना आवडायचं नाही. मी खूप सांगितलं, जाडा आवाज, फक्त तुमच्यासाठी, वगैरे. त्यांनी हात जोडले. राहिला एकच मार्ग, आमच्या चाळीचा गणपती. मंडळाच्या पाया पडून मी रविवारी संध्याकाळी आमचाच ऑर्केस्ट्रा ठरवला.

चाळीच्या पटांगणात स्टेज एकच. बांबूंवर फळ्या टाकायच्या, त्यावर सतरंजी, मधोमध मागे बाप्पा, आणि कार्यक्रम बाप्पांच्या समोर. देवाकडे पाठ करायची नाही, म्हणून आम्ही दोन्ही बाजूंना तिरके उभे राहायचो. गाणारी तेवढी मधून जरा सरकून गायची. कपाट मी खाली जमिनीवर ठेवणार होतो, पण सकाळच्या पावसाने चिखल झालेला आणि त्यातून वायरी. कोणाला शॉक लागला तर? म्हणून ते वर चढवलं. समोर ठेवलं तर बाप्पांचं दर्शन अडतं, तेव्हा मंडळाच्या पोरांनी ते मखराच्या बाजूला नेऊन चिकटवलं. जागा छान, रिकामी, देवाच्या उजव्या हाताला. मीही म्हटलं, वा, झालं काम.

बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. खुर्ची त्यांनी स्वतःच जराशी फिरवून घेतली होती, डावा कान कपाटाकडे करून.

पहिलं गाणं सुरू झालं. मी पहिला सूर लावला आणि बाबांकडे बघितलं. त्यांनी आधी खाली बघितलं, पायांकडे. मग माझ्या हाताकडे. मी पुढचा सूर दाबला, त्यांचे डोळे बोटाबरोबर सरकले. पुढचा, परत सरकले. ऐकू येत होतं! त्यांनी शेजारच्या काकांच्या मांडीवर थाप मारली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. आयुष्यात एवढा आनंद मला झालेला नाही, पुढे मुलगी झाली तेव्हाचा सोडून. पहिलं गाणं मी कसं वाजवलं देव जाणे.

दुसरं गाणं अर्ध्यावर आलं आणि बायकांच्या बाजूने आवाज उठला, "अगं बाई, बाप्पा हलले!" दोघीतिघींनी हात जोडले. मी मान वळवली. मुकुट थरथरत होता. हातातला मोदक, सोंडेवरचं जास्वंद, समईची ज्योत, सगळं माझ्या सुरांवर थरथरत होतं. पोकळ स्टेज, फळ्या कपाटाच्या आवाजाने ढोल झालेल्या, आणि त्याच फळ्यांवर प्लॅस्टरची मूर्ती. आयला, वाट लागली!

मंडळाचे अध्यक्ष धावत वर आले. "बंद कर! आधी बंद कर!"

"कमी करतो ना काका."

"कमी नको, बंद! बोट जरी तुटलं तर भरल्या गणपतीत विसर्जन करायला लागेल. लोक मला जिता सोडतील काय?"

ते चुकीचं काहीच बोलत नव्हते. भंगलेली मूर्ती पूजेत ठेवत नाहीत, हे मलाही माहीत होतं. खाली उतरवू म्हटलं तर चौघं हवेत, गाणं चालू, समोर चिखल आणि मालक नजरेनेच सांगत होते की थांबायचं नाही. मी बटण बंद केलं.

आणि वाजवत राहिलो. गिटार खाली ठेवून गेलो असतो तर बाबा घाबरले असते, मंडळाशी भांडायला उठले असते. तारा नुसत्या बोटांखाली हलत होत्या, मलासुद्धा धड ऐकू येत नव्हत्या. मी बाबांकडे बघितलं. त्यांचा चेहरा बदलला होता. कानामागे हात धरून ते पुढे वाकले. मग हळूच कान दाबून सोडला, परत दाबला, परत सोडला.

मी स्टेजवरून खूण केली. कानाला बोट लावलं, मग पंजा हलवला: बंद आहे, बंद. बाबांनी बघितलं. आणि लगेच जोरजोरात मान हलवली, होय होय, आणि मांडीवर ताल धरायला लागले. त्यांना वाटलं, मी विचारतोय, ऐकू येतंय ना?

कार्यक्रम संपेपर्यंत ते थांबले नाहीत. ताल चुकत होता. माझी बोटं बघून धरत होते ना, चुकणारच. गाणं संपलं तरी त्यांचा हात जरा वेळ चालूच राहायचा, मग आजूबाजूला टाळ्या बघून तेही टाळ्या वाजवायचे. मला वाटत होतं गिटार फेकावी आणि खाली उडी मारावी. उडी मारून करणार काय होतो, कोण जाणे. पुढची गाणी लागली होती, मी वाजवली.

संपल्याबरोबर मंडळाच्या पोरांनी कपाट आधी उतरवलं. बोरिवलीला दुसरा कार्यक्रम होता, टेम्पो चालू करूनच उभा होता. मी मालकांना म्हटलं, "पाच मिनिटं. एकदाच जोडू द्या, खाली जमिनीवर." ते म्हणाले, "वेडा झालास काय? तिथे लोक खोळंबलेत." मी नंतर रिक्षाने येतो म्हणालो. कपाट गेलं.

बाबा खुर्चीवर नव्हते. मी चाळीत गेलो. मागच्या बोळात पाण्याचं रिकामं पिंप होतं, त्याला डावा कान लावून ते उभे होते आणि मुठीने ते वाजवत होते. एकदा मारायचे, थांबायचे, परत मारायचे. मला बघून हात मागे घेतला.

"बरा वाजयलंस," ते म्हणाले. "अगदी शेवटपर्यंत आयकलंय."

मग त्यांनाच राहवेना. पिंपाकडे बोट दाखवून हळू आवाजात म्हणाले, "हेचो आवाज येता रे. मगे तुझोच तेवढो खंय गेलो?"

मी त्यांचा डावा कान धरला आणि ओरडलो. "बंद केलेला, बाबा! बाप्पा हलत होते, म्हणून बंद करायला लावला! तुमच्या कानाला काही झालेलं नाही!" वरच्या मजल्यावरची माणसं कठड्याशी आली. बोळात दिवा नव्हता, माझे ओठ त्यांना दिसत नव्हते. मी परत ओरडलो, अगदी आवाज फाटेपर्यंत, आणि फाटला तसा तो बारीकच झाला.

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग पाठीवर हात ठेवला.

"जांवदे रे," म्हणाले. "दिसत तर होतंस."