खाऱ्या गावातला उकाळा

उकाळा कसा करायचा हे मला कोणी विचारत नाही, तरी सांगते. हल्ली जो तो उठला की चहा मागतो. शेगावच्या यात्रेत त्या चहाच्या कंपनीवाल्यांनी फुकट पेले पाजले, तेव्हापासून हे खूळ शिरलं ते शिरलंच. थंडीत पोटात काहीतरी गरम गेलं की झालं, असं या लोकांना वाटतं. अहो, काहीतरी म्हणजे काय? सुंठ ठेचायची, तिची भुकटी करायची नाही. भुकटी घशाला लागते, अंगाला लागत नाही. दोन मिरे, चिमूटभर ओवा आणि तुळशीची पानं हात आखडता न घेता. पाणी निम्मं आटू द्यायचं. गूळ अगदी शेवटी, तपेली खाली उतरवता उतरवता. आधी टाकला की त्याचा पाक होतो, आणि हे ज्याला पटत नाही त्यानं खुशाल चहा प्यावा.

हे सगळं मला माझ्या वडिलांनी शिकवलं. मी चार वर्षांची असताना आई गेली. पिंपळगाव राजाला आमची थोडी कोरडवाहू शेती होती आणि घरात आम्ही दोघंच. बाबांनी दुसरं लग्न केलं नाही. हिवाळ्यात दिवस उगवला की ते तुराट्यांचा जाळ करून चुलीपुढं बसत आणि उकाळा करत. पहिला पेला माझा, दुसरा त्यांचा. "पी माय, छाती मोकळी होते," म्हणत. ते मला नेहमी माय म्हणत. शेजारचे बापे हसायचे, की हा बायकोवानी चुलीपुढं बसून राह्यतो. बाबा त्यांना म्हणत, "हाव, बसतो. तुमच्या बापाचं काय जाते?" माझी जीभ कुठून आली हे यावरून कळावं.

चौदाव्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी वरवट बकालला आले. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. आमचं भलंबुरं नागपूरला ठरायचं म्हणे, पण माझं नागपूर म्हणजे सासूबाई. सासरी पहिल्या दिवशी मी रडले ती सासूबाईंमुळे मात्र नाही, पाण्यामुळे. पूर्णेच्या काठचा तो सगळा पट्टा खारा. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, दूध तापवून त्यात पाणी घातलं तर फाटतं. मी हौसेनं उकाळा केला आणि पहिल्या घोटाला सुंठीच्या आधी मीठ लागलं. पदर तोंडात कोंबून रडले. मागून कळलं की गावाबाहेर अर्ध्या कोसावर एका शेताच्या बांधाला गोड्या पाण्याची विहीर आहे. मग थंडीभर मी उकाळ्यापुरता एक हंडा तिथून आणायची. सासूबाई म्हणत, "राजाच्या गावची हाये ना! इथलं पानी तिच्या नरड्यात उतरते काय?"

हिवाळा म्हणजे आमच्याकडे कापूस. आमचे हे गाडी भरून खामगावच्या बाजाराला जात आणि तिथं गाड्यांची अशी रांग लागे की चार दिवस म्हणता आठ दिवस होत. माणूस म्हणून हे वाईट नव्हते. कधी हात उगारला नाही की वाकडा शब्द बोलले नाहीत, पण सरळ शब्दही फार बोलत नसत. घरात मी आणि सासूबाई, आणि सासूबाई माझ्याशी बोलण्यापेक्षा म्हशीशी जास्त बोलत. सकाळी उकाळा करताना जुन्या सवयीनं माझ्याकडून दोन पेल्यांचं पाणी चढे. सासूबाईंना सुंठ उष्ण पडे, त्या घेत नसत. दुसरा पेला समोर ठेवून मी आपला पहिला पीत असे. मग तो दुसराही मीच पिऊन टाकायची, गार झालेला. एवढं एकटं मला माहेरी, आई नसलेल्या घरातसुद्धा, कधी वाटलं नव्हतं.

भिंतीपलीकडे पिंजाऱ्याचं घर होतं. त्याच्या बायकोला मी खाला म्हणायची. ती बाळंत झाली की तिच्या घरी हरीरा व्हायचा. खसखस, गूळ, तूप, चार बदाम, सगळं वाटून कढत कढत प्यायचं. भिंतीवरून ती मला गुपचूप वाटी द्यायची. "पी ले बेटी, कमर मजबूत होती," म्हणायची. आमच्यात तिच्या हातचं चालत नव्हतं, आणि सासूबाईंना कळलं असतं तर मला गोमूत्रानं आंघोळ घातली असती. मी प्यायची. मूल व्हावं म्हणून प्यायची आणि खरं सांगायचं तर चवीसाठीही. खालाची पाच बाळंतपणं झाली, म्हणजे मला पाच हिवाळे हरीरा मिळाला. माझी कूस रिकामीच राहिली.

आता बाबांचं सांगते. आमच्याकडे रीत अशी, की लेकीला मूल होत नाही तोवर बापानं तिच्या सासरच्या अन्नाला हात लावायचा नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. बाबा रीतीचे पक्के. वर्षातून एकदा, संक्रांत झाली की ते मला बघायला येत. गाडी जुंपून शेगावला मुक्काम, समाधीचं दर्शन, आणि दुसऱ्या दिवशी पूर्णा ओलांडून आमच्याकडे. बरोबर शिदोरी आणि शेगावला भरून घेतलेली पाण्याची छागल. आले की घरात न येता ओट्यावर बसत. आपली भाकर सोडत, आपलं पाणी पीत. कडाक्याच्या थंडीत ते गार पाणी घशाखाली जाताना त्यांचे खांदे शहारत, आणि आत माझ्या चुलीवर उकाळा उकळत असे.

पहिल्या वर्षी याची गंमत वाटली. मी पेला घेऊन दारात आले तर बाबा हसून म्हणाले, "अवं, आता नाई. नातू मांडीवर बसन तवा पितो." सासूबाईही हसल्या. म्हणाल्या, "पुढच्या साली पाजू, ईवाईबुवा." दुसऱ्या वर्षी हेच बोलणं झालं, तिसऱ्या वर्षी कोणी बोललं नाही. पाचव्या वर्षी बाबा भाकर खात होते, तेव्हा सासूबाई दारातून म्हणाल्या, "ईवाईबुवा, आता मोठी छागल घेत जा. लय दिवस पुरली पायजे." बाबांनी हातातला घास खाली ठेवला. पुन्हा उचलला नाही. त्या बाईला मी पुढं शेवटपर्यंत हगणंमुतणं काढून सांभाळलं, पण हे वाक्य मी तिला माफ केलेलं नाही, आणि आता करायची वेळही गेली.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. बाबांनी माझ्या चुलीवरचा एक पेला प्यायला पाहिजे. माहेरी गेले की मी त्यांना लागेल तेवढा पाजत होते, पण ते त्यांचं घर. माझ्या घरी, गावाच्या डोळ्यांदेखत, माझ्या बापानं माझ्या हातचं घ्यावं, म्हणजे हे घर माझं आहे असं कोणीतरी म्हटल्यासारखं झालं असतं. मूल नाही म्हणून बाईला घर नाही, हा कुठला न्याय? गावात ह्यांच्यासाठी दुसरी बायको करण्याची बोलणी चालत. दुसरीचा विषय निघाला की हे बैलांना वैरण टाकायला उठून जात. हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत. मला वाटे, एक बाप तरी माझ्या बाजूनं बसावा.

सातव्या वर्षी मी युक्ती केली. बाबा यायच्या दिवशी भल्या सकाळी गोड्या विहिरीचं पाणी आणलं, उकाळा केला, तपेली फडक्यात बांधली आणि शेगावच्या वाटेवर निघाले. गावाची शीव संपते तिथं एक शेंदूर फासलेला धोंडा आहे. त्याच्या पलीकडे दहा पावलं जाऊन बसले. मनात म्हटलं, सासरचं पाणी म्हणजे सासरच्या गावचं पाणी. शिवेच्या बाहेर कुठली आली रीत? तास-दीड तास बसले असेन. येणारेजाणारे बघत होते, आणि मी त्यांना काय बघता म्हणून विचारतही होते. शेवटी बाबांची गाडी दिसली.

"काऊन वं माय, इथं काऊन बसली? घरी बरं हाये ना?" बाबा घाबरून खाली उतरले.

"बरं हाये. शीव मांगं राह्यली, बाबा. आता तं प्या." मी फडकं सोडलं. अजून ऊब होती.

बाबांनी तपेलीकडे हात नेला आणि मागं घेतला. त्यांची बोटं थंडीनं काळीनिळी झाली होती. मग हळूच म्हणाले, "चूल कोनाची होती, पोरी?"

"माही!"

"जावईबुवाची."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मंग मी कोनाची? तुमची नाई, त्यायची नाई, तं मी हाये तरी कोनाची?" आणि सगळा उकाळा मी त्यांच्यासमोर वाटेवर ओतून दिला. फुफाट्यानं तो लगेच पिऊन टाकला. बाबा म्हणाले, "गाडीत बस." मी बसले नाही. गाडी पुढं आणि मी मागं, हातात रिकामी तपेली, अशी आमची वरात गावात आली. त्या दिवशी बाबा ओट्यावर घटकाभरच बसले.

पुढची तीन-चार वर्षं मी त्यांना विचारलंच नाही. वाईट वागले मी. ते ओट्यावर शिदोरी सोडत आणि मी दारात त्यांच्यासमोर बसून माझा पेला फुंकून फुंकून पीत असे. ते रागावत नसत. एकदा म्हणाले, "वासावरून तं सुंठ कमी पडली वाटते." मी म्हटलं, "पिऊन सांगा." ते हसले आणि छागलीचं बूच काढलं. त्यांना तेव्हा खोकला लागलेला होता. गार पाणी पोटात गेलं की ढास लागे, ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत मला ऐकू येई.

सासूबाई गेल्या. त्यानंतरच्या हिवाळ्यात घर इतकं रिकामं झालं की मला त्यांच्या टोमण्यांचीसुद्धा आठवण यायची. हे कापूस घेऊन खामगावला, खालाचं बिऱ्हाड दुसऱ्या गावी गेलेलं. मी दिवसचे दिवस म्हशीशिवाय कोणाशी बोलले नसेन. हसू येतं, पण मीही शेवटी म्हशीपर्यंत आलेच. संक्रांत झाली आणि बाबा आले. लग्नाला माझ्या तेव्हा बारा वर्षं झाली होती.

गाडी थांबलेली मी ऐकली, पण ओट्यावर शिदोरी सोडल्याचा आवाज आला नाही. बघते तर बाबा उंबरा ओलांडून आत येत होते. हातात छागल नव्हती, शिदोरी नव्हती. सरळ चुलीपाशी येऊन बसले आणि हात शेकत म्हणाले, "माय, उकाया कर. दोघायचा कर."

माझा कानांवर विश्वास बसेना. गोडं पाणी घरात होतं, देवाची कृपा. सुंठ ठेचताना दोनदा बोट ठेचलं. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. मी एकीकडे जाळ सारत होते आणि दुसरीकडे तोंडाचा पट्टा सुरू. सासूबाई असत्या तर कशा बघत राहिल्या असत्या, गावातल्या कोणाकोणाला बोलावून दाखवू, आता दर साली असंच यायचं. बाबा हूं हूं करत होते. मी पेला भरून दिला. त्यांनी दोन्ही हातांत धरला, फुंकर घातली, घोट घेतला.

"सुंठ बराबर पडली," म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. निम्मा पेला संपला तेव्हा मला विचारायचं सुचलं. "बाबा, पन रीत? अजून तं मले..."

"राहू दे, माय," बाबा म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. "आता कायची वाट पाहाची?"

आणि मला कळलं. बारा वर्षं तो माणूस थंडीत कुडकुडत गार पाणी प्यायला होता. दर साली नाही म्हणत होता, म्हणजे मला सांगत होता की होईल, पोरी, पुढच्या साली होईल. सासूबाईंनी आशा सोडली होती. हे गप्प झाले होते. मी स्वतः कधीच सोडून दिली होती, फक्त तोंडानं म्हटलं नव्हतं. अख्ख्या जगात माझ्या मुलाची वाट बघणारं एकच माणूस उरलं होतं, आणि ते आज माझ्या चुलीपाशी उकाळा पीत बसलं होतं. बारा वर्षं मी त्यांच्याकडे हाच एक पेला मागत होते. अशी कशी मी मूर्ख!

तपेलीत माझ्या वाट्याचा उकाळा होता. तो मी पेल्यात ओतला आणि त्यांच्या पुढ्यात धरला.

"बाबा," मी म्हटलं, "एवढा एक पेला घेऊ नका. एक डाव नाई म्हना. म्हना ना, लेकीच्या घरचं चालत नाई म्हना."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग मान खाली घातली, आणि माझ्या हातातून पेला घेतला.